मधल्या किमतीची जपानी कात्री निवडताना: काम, हात, धार आणि सगळ्यात शेवटी पोलाद

केस कापायची कात्री बघायला बसलं की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न पोलादाचा येतो. व्हीजी-१० की ४४०सी? कोबाल्ट आहे का? रॉकवेल (कडकपणाचा आकडा) किती? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची पाळी शेवटी यायला हवी. नामांकित जपानी कारखान्याच्या मधल्या किमतीच्या कात्रीत पोलाद बहुधा पुरेसं चांगलंच असतं. खरेदी फसते ती वेगळ्याच कारणांनी: मूठ हाताला बसत नाही, लांबी रोजच्या कामाशी जुळत नाही, किंवा आलेली धार परत तशीच लावून देणारा माणूस सापडत नाही. म्हणून इथे क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी काम, मग हात, मग धार, मग धार लावणारा आणि त्यानंतर पोलाद.

मधली किंमत म्हणजे काय, हे आकड्यापेक्षा एखाद्या कारखान्याच्या यादीवरून जास्त नीट कळतं. यादीच्या तळाशी शिकाऊंसाठीच्या कात्र्या असतात: साधं पोलाद, साधी मूठ, यंत्रावर काढलेली धार. वरच्या टोकाला पावडर पद्धतीचं पोलाद, कोबाल्ट मिश्रधातू, बेअरिंगचा स्क्रू आणि खास आकाराची पाती असलेल्या कात्र्या येतात. मधे जी रांग असते ती आपली. पूर्ण बहिर्गोल धार, आतून खोलगट घासलेलं पातं, हातानं केलेलं शेवटचं काम, ऑफसेट किंवा क्रेन मूठ आणि हातानं कमीजास्त करता येणारा स्क्रू, एवढं या रांगेत मिळायलाच हवं (धारेचे आणि मुठीचे हे प्रकार पुढे येतील). तळातून मधल्या रांगेत आलात की केसावर पडणारा फरक पहिल्या कटलाच जाणवतो. मधून वर जाताना किंमत झपाट्यानं वाढते, फरक मात्र बारीक होत जातो. दिवसभर केस कापणाऱ्या माणसासाठी मधली रांग हीच सगळ्यात शहाणपणाची गुंतवणूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: आपण खरोखर काय कापतो ते लिहून काढा

एका आठवड्याची कामं कागदावर मांडा. ब्लंट कट (टोकं एका सरळ रेषेत कापणं) किती, लेअर्स किती, कंगव्यावरून कात्री किती, कोरड्या केसांवर स्लाइड कट (कात्री अर्धवट उघडी ठेवून केसांवरून सरकवत कापणं) किती. आपण काय करतो याबद्दलची आपली समजूत आणि कागदावरची नोंद यांत बरंच अंतर निघतं. लेअरिंगसाठी ओळखली जाणारी स्टायलिस्टही दिवसाचा मोठा भाग टोकं समान करण्यात घालवत असते. कात्री त्या मोठ्या भागासाठी घ्यायची.

ब्लंट रेषा आणि बॉब हे मुख्य काम असेल तर सरळ पातं हवं. त्यावर केस घसरत नाहीत, रेषा जड आणि स्वच्छ येते. स्लाइड आणि स्ट्रोक कट जास्त असतील तर बाकदार पातं घ्या. बांबूच्या पानासारख्या या आकाराला जपानी कारागीर सासाबा म्हणतात. कापताना केस पात्यावरून पुढे सरकतात, त्यामुळे कडा मऊ होते. पण याच कारणामुळे अशा कात्रीनं एका झटक्यात काटेकोर सरळ रेषा मिळत नाही. पुरुषांचे आखूड केस आणि कंगव्यावरून कात्री हे रोजचं काम असेल, तर लांब, जरा जाड पाठीचं, मजबूत पातं लागतं. नाजूक टोकाची कात्री तिथे लवकर थकते.

सगळी कामं सारख्या प्रमाणात असतील तर फारसा बाक नसलेलं, मध्यम रुंदीचं पातं घ्या. पहिल्याच चांगल्या खरेदीत फार खास आकाराच्या मागे लागू नका.

दुसरी पायरी: लांबी

लांबी इंचांत सांगतात आणि ती टोकापासून बोटाच्या कडीच्या मागच्या कडेपर्यंत धरतात. करंगळीचा टेकू त्यात येत नाही. कात्री तळहातावर ठेवा: बोटाची कडी अंगठ्याच्या मुळाशी, पातं मधल्या बोटावर. पात्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाच्या आसपास आलं की ती लांबी हाताला साधारण जुळली. ही सुरुवात झाली, अंतिम निर्णय कामावरून घ्यायचा. ५ ते ५.५ इंच (१२.७ ते १४ सेंमी) बोटांच्या पकडीतल्या बारीक कामाला आणि पॉइंट कटला (कात्रीच्या टोकानं केसांच्या टोकांत कापण्याला) बरी पडते. ६ इंच ही सगळ्या कामांची लांबी. कंगव्यावरून कापणाऱ्यांना ६.५ ते ७ इंच लागते, कारण एका उघडमिटीत जास्त रुंदी कापली गेली की पायऱ्या दिसत नाहीत.

दोन लांब्यांमध्ये मन अडकलं असेल आणि तुम्ही बोटांच्या आतल्या बाजूनं, तळहाताकडून कापत असाल, तर आखूड घ्या. त्या कामात लांब पात्याचं टोक तुमच्याच बोटांना लागतं.

तिसरी पायरी: मूठ

इथे घाई करू नका. बोथट झालेल्या कात्रीला धार लावता येते, दुखावलेल्या मनगटाची भरपाई इतकी सोपी नसते. कार्पल टनेलचा (मनगटातली नस दबण्याचा) त्रास आणि अंगठ्याच्या मुळाशी होणारा डी क्वेरवेनचा दाह, ही दोन्ही दुखणी तोच ताण पुन्हा पुन्हा पडल्यानं बळावतात, आणि केस कापणं हे तसंच काम आहे.

जुन्या पद्धतीच्या मुठीत दोन्ही कड्या एका पातळीवर असतात. अंगठा अनामिकेच्या बरोबरीनं मागे ओढावा लागतो, आणि खांद्याच्या उंचीवर कापताना कोपर वर जातं. ऑफसेट मुठीत अंगठ्याची बाजू आखूड असते, त्यामुळे अंगठा त्याच्या नैसर्गिक जागी, तर्जनीच्या खाली राहतो. क्रेन मुठीत ऑफसेटच्या जोडीला बोटांची बाजू खाली झुकवलेली असते, म्हणून कोपर खाली ठेवूनही पातं आडवं राहतं. फिरत्या अंगठ्याची मूठ आणखी पुढची: अंगठ्याची कडी आपल्या अक्षावर फिरते, मनगट सरळ राहतं. ज्यांना त्रास आधीच सुरू झाला आहे त्यांनी ही मूठ जरूर आजमावावी. मात्र तिची सवय व्हायला वेळ लागतो, आणि त्या काळात महत्त्वाच्या ग्राहकावर ती वापरू नये. ज्यांचे हात ठणठणीत आहेत आणि सवय समपातळीच्या मुठीची आहे, त्यांनी ऑफसेटपासून सुरुवात करावी. बदल पेलतो आणि फायदा लगेच कळतो.

हातात घेऊन अशी परीक्षा करा. अनामिका कडीत पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मधे बसली पाहिजे. अंगठा कडीत फक्त नखाच्या मुळापर्यंत जावा. त्याहून आत गेला की अंगठ्याचं मूळ कात्री ढकलायला लागतं आणि पातं आडवं हलतं. आता हात खरोखर कापायच्या उंचीवर धरा, कपाळाच्या, हनुवटीच्या, मानेच्या, आणि दोनतीन मिनिटं उघडमीट करा. फक्त अंगठा हलला पाहिजे, बोटांकडचं पातं स्थिर. ताण कुठे आला ते पाहा. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला जाणवला तर ती मूठ तुमची नाही, मग ती कितीही नावाजलेली असो. कड्या सैल वाटल्या तर आत प्लास्टिकच्या किंवा रबराच्या रिंगा बसवता येतात. कड्या घट्ट असतील तर मात्र दुसरी कात्री बघा.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. खऱ्या डाव्या हाताच्या कात्रीत पात्यांची मांडणीच उलटी असते. नुसत्या कड्या डाव्या हाताला सोयीच्या करून पाती उजवीचीच ठेवलेली असतील, तर अंगठ्याचा दाब पात्यांना जवळ आणण्याऐवजी दूर लोटतो, केस मधे दुमडतात आणि कापण्याची रेषा पात्याआड लपते. यादीत "डाव्यासाठी" लिहिलेलं असलं तरी कात्री उघडून पाती तपासा. ज्यांनी शिकतानाच उजवी कात्री डाव्या हातात पेलायची सवय केली आहे, त्यांना खरी डावी कात्री सुरुवातीला परकी वाटेल, पण पुढच्या वर्षांसाठी तिच्यावर वळणं हिताचं.

चौथी पायरी: धार समजून घ्या

जपानी कात्रीची ओळख तिच्या धारेत आहे. पात्याची बाहेरची बाजू शिंपल्याच्या पाठीसारखी हलकेच फुगीर होत धारेपर्यंत येते. जपानीत या धारेला हामागुरी-बा म्हणतात. आतली बाजू खोलगट घासलेली असते आणि धारेला लागून फक्त एक अरुंद सपाट पट्टी उरते. दोन पाती एकमेकांना पूर्ण टेकतच नाहीत. ती स्क्रूजवळ आणि कापण्याच्या बिंदूवर टेकतात, आणि कात्री मिटत जाते तसा तो बिंदू टोकाकडे सरकतो. धातू धातूवर कमी घासला जातो, म्हणून आवाज जवळजवळ येत नाही आणि केस पात्यावर सहज सरकतो. स्लाइड कट शक्य होतो तो यामुळेच.

बेव्हल धारेत बाहेरून एक स्पष्ट उतार कापलेला असतो. ती दणकट असते, लावायला सोपी असते, आणि अनेकदा एका पात्यावर बारीक दाते असतात, ते केस धरून ठेवतात. आखूड केसांच्या कामाला आणि शिकणाऱ्याला ही पकड उपयोगी पडते. पण दातेरी पात्यावर केस सरकू शकत नाही, तो ओढला जातो. तेव्हा त्या कात्रीनं स्लाइड कट करू नये. दोन्हींच्या मधली अर्ध-बहिर्गोल धारही मिळते: बाहेरून फुगीर, पण अगदी कडेला एक छोटा उतार. पूर्ण बहिर्गोलइतकी रेशमी नाही, पण जास्त टिकाऊ.

बहिर्गोल धार नाजूक असते आणि ती फक्त केसांसाठी असते. तिनं फॉइल, कागद, रिबन, धागा, विगची जाळी असं काहीही कापू नका. त्यासाठी एक साधी कात्री वेगळी ठेवा आणि सोबत काम करणाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

पाचवी पायरी: कात्रीच्या आधी धार लावणारा शोधा

बहुतेक लोक ही पायरी कात्री बोथट झाल्यावर गाठतात. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण बहिर्गोल धार एका चुकीच्या हातात एका बैठकीत संपते. साध्या चाकावर किंवा पट्ट्यावर बाहेरून उतार पाडून दिला की कात्री कागद झकास कापते, दुकानात धारदार भासते, आणि केसात घातली की ढकलायला लागते. फुगीर पाठ एकदा सपाट झाली की ती परत घडवायला बराच धातू काढावा लागतो आणि कात्रीचं आयुष्य तेवढं घटतं.

धार लावणाऱ्याला भेटून थेट विचारा. बहिर्गोल धार कशावर लावता? आतली पट्टी सपाट दगडावर हातानं घासता की नाही? पाती वेगळी करून काम करता का? पात्यांचा बाक आणि टोकांचा मेळ तपासता का? चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो. तो स्वतःहून विचारतो की तुम्ही काय कापता, ओलं की कोरडं, स्लाइड करता की नाही. पहिल्या वेळी त्याच्याकडे जुनी बहिर्गोल कात्री द्या आणि परत आल्यावर पाहा: बाहेरची फुगीर झिलई अखंड आहे का, धारेलगत निळसर डाग आहेत का (असतील तर पातं तापलं होतं आणि पोलादाचा कडकपणा गेला), आतली पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची आहे का.

काही कारखाने आणि त्यांचे अधिकृत विक्रेते कात्री परत मागवून धार लावून देतात. ही सोय असेल तर ती मॉडेल निवडताना मोठ्या वजनानं धरा. फक्त कात्री किती दिवस बाहेर राहील ते विचारून घ्या आणि त्या दिवसांसाठी दुसरी कात्री हाताशी ठेवा. बहिर्गोल धार लावता येणारा कोणीच सापडत नसेल आणि पाठवायचीही सोय नसेल, तर अर्ध-बहिर्गोल किंवा चांगली बेव्हल कात्री घेणं जास्त योग्य. नीट राखलेली साधी धार ही बिघडलेल्या उंची धारेपेक्षा केसाला कितीतरी मऊ लागते.

सहावी पायरी: आता पोलाद

पोलादाची नावं फार वजनदार वाटतात, म्हणून त्यांचा अर्थ माहीत असावा. ४४०सी ही मुळात अमेरिकी वर्गवारी आहे, आणि जपानी मानकात तिची जोडीदार एसयूएस४४०सी. तिच्यात कार्बन ०.९५ ते १.२ टक्के आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. ४४०ए मध्ये क्रोमियम तेवढंच, कार्बन मात्र ०.६ ते ०.७५ टक्के, म्हणून ती मऊ असते आणि धार लवकर सोडते. यादीत नुसतं "४४० पोलाद" लिहिलं असेल तर पुढचं अक्षर विचारा. सगळा फरक त्या अक्षरात आहे.

व्हीजी-१० हे फुकुई प्रांतातल्या एचिझेनच्या ताकेफू स्पेशल स्टील या कंपनीचं पोलाद. सुमारे १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्क्याच्या आसपास कोबाल्ट. एटीएस-३१४ हिताची मेटल्सच्या नावानं प्रसिद्ध आहे, ही कंपनी जानेवारी २०२३ पासून प्रोटेरियल नावानं ओळखली जाते. मधल्या रांगेत ही तीन नावं वारंवार भेटतील, आणि तिघांपैकी कुठलंही चालेल. साधारण ५८ ते ६२ रॉकवेल कडकपणात या कात्र्या येतात. यापुढे दोन आकड्यांच्या फरकावर झोप उडवू नका. तेच पोलाद एका कारखान्यात नीट तापवून, थंड करून, पुन्हा बेतानं तापवून सुरेख होतं आणि दुसरीकडे ठिसूळ किंवा मऊ राहतं. फार कडक पातं धार जास्त टिकवतं, पण पडलं की त्याची कपची उडते.

"कोबाल्ट" हा शब्द दोन फार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक, व्हीजी-१० सारखं पोलाद, ज्यात कोबाल्ट नावापुरतं आहे. दुसरी, मुख्यतः कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू, जो पोलादच नव्हे आणि किंमतही वरच्या रांगेतली. मधल्या किमतीला "कोबाल्ट कात्री" मिळाली तर ती बहुधा पहिल्या प्रकारची असते. त्यात वाईट काही नाही, पण किंमत देताना ते माहीत हवं. "टायटेनियम" बहुतेक वेळा वरचा लेप असतो. तो रंग देतो, धार देत नाही. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना मात्र कड्यांवरचा असा लेप उपयोगी पडू शकतो. "डमास्कस" नक्षी, म्हणजे पोलादाच्या थरांतून उमटलेल्या लाटा, डोळ्यांना सुंदर दिसते, पण केस कापते ती गाभ्यातली पट्टी, तेव्हा गाभा कुठल्या पोलादाचा आहे ते विचारा. "मॉलिब्डेनम पोलाद" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

घडीव की ओतीव, हाही प्रश्न येतो. अनेक चांगल्या कात्र्यांत पातं घडीव कडक पोलादाचं आणि मूठ जरा मऊ पोलादाची असते, दोन्ही वितळजोडानं जोडलेली. हा दोष समजू नये. मूठ मऊ असल्यानं कारागिराला पुढे ती किंचित वाकवून पात्यांचा मेळ बसवता येतो.

जपानी म्हणजे किती जपानी?

गिफू प्रांतातलं सेकी हे तलवारींचं जुनं गाव. १८७१ साली जपान सरकारनं शेंडी कापायची आणि तलवार न बाळगण्याची मोकळीक दिली, १८७६ मध्ये तलवार घेऊन फिरण्यावर बंदीच आली, आणि पाती घडवणारे हात सुऱ्या, वस्तरे, कात्र्यांकडे वळले. काई हा उद्योग १९०८ साली सेकीतच सुरू झाला, काशो या कात्र्या त्याच्याच. जोवेल बनवणारी तोकोशा १९१७ पासूनची, मिझुतानी १९२१ पासूनची, आणि यासाका नारा प्रांतातली. या घराण्यांच्या मधल्या रांगा पाहिल्या की इतर कात्र्यांना कुठल्या मापानं मोजायचं ते कळतं.

तिढा वेष्टनावरच्या भाषेत आहे. "जपानमध्ये बनवलेली" आणि "जपानी पोलादाची" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्या विधानात पोलाद जपानहून आलेलं असू शकतं, पण घडण, तापवणी आणि धार दुसऱ्या देशातली. अशा कात्र्या सरसकट वाईट नसतात. काही तर पैशाच्या मानानं फार चांगल्या असतात. पण त्यांनी जपानी बनावटीची किंमत मागू नये. जपानी वाटणारं नाव, लाल वर्तुळ, चित्रलिपीतली अक्षरं यांवरून काही ठरवू नका. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: कात्री कुठे बनली, पोलादाचं पूर्ण नाव काय, आणि धार नंतर कोण लावून देईल. जो तिन्हींची सरळ उत्तरं देतो त्याच्याकडून घ्या.

हातात आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

आधी कात्री मिटून उजेडासमोर धरा. पात्यांच्या मधे बारीक, सारखी फट दिसली पाहिजे, आणि टोकं एकमेकांना अलगद टेकलेली. टोकं एकमेकांवरून पुढे गेली असतील किंवा फट एकीकडे जास्त असेल तर मेळ बिघडलेला आहे. मग कात्री कानाजवळ धरून अगदी सावकाश उघडमीट करा. हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी हवी. एखाद्या जागी खरखर किंवा अडथळा जाणवला, तर धारेत तिथे काहीतरी आहे. कात्री अर्धी उघडी ठेवून दोन्ही मुठी आडव्या दिशेनं हलकेच ढकला, स्क्रूपाशी खडखड व्हायला नको.

स्क्रूचा ताण असा तपासा: टोक वर करून एक कडी धरा, दुसरी उचलून पात्यांची फुली करा आणि सोडून द्या. पातं संथपणे खाली येऊन पूर्ण मिटायच्या जरा आधी थांबलं तर ताण ठीक. धपकन मिटलं तर सैल, निम्म्यातच अडकलं तर घट्ट. सैल कात्री केस दुमडते आणि आपण नकळत अंगठ्यानं जास्त दाब देतो. घट्ट कात्री धार आणि हात दोन्ही झिजवते.

धारेसाठी टिश्यू पेपरचा एक थर ओला करून कापा, शेवटचा छेद टोकानं. कडा स्वच्छ यावी, कागद ओढला किंवा मधे दुमडला जाऊ नये. खरी परीक्षा मात्र केसांवरच. डमीच्या ओल्या केसांची एक पातळ बट न ताणता धरा आणि फक्त टोकाच्या शेवटच्या सेंटिमीटरनं कापा. केस पुढे ढकलला गेला नाही, तर ती धार तुम्ही ज्यासाठी पैसे दिलेत ती आहे. स्लाइड कटसाठी घेतली असेल तर कोरड्या बटेवर अर्धवट उघडी धरून सरकवून पाहा.

थिनिंग कात्री

थिनिंग कात्री म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री. ती त्याच पैशांत बसवण्यासाठी मुख्य कात्रीवर तडजोड करू नका. पुढच्या वेळी घ्या. घेताना दातांच्या संख्येपेक्षा एका मिटणीत किती टक्के केस कापले जातात ते विचारा, कारण दातांची रुंदी वेगळी असली तर तेवढेच दाते वेगळं काम करतात. ३० टक्क्यांच्या कात्रीनं एकाच जागी तीनदा मिटलं, तर कागदावरच्या हिशेबानं जेमतेम ३४ टक्के केस उरतात. म्हणून पहिली थिनिंग कात्री १५ ते २५ टक्क्यांची असावी. कमी कापलं गेलं तर पुन्हा मिटता येतं.

पहिल्या दिवसापासूनची निगा

प्रत्येक ग्राहकानंतर मऊ कापडानं पाती पुसा, मुठीकडून टोकाकडे, आणि स्क्रूपाशी अडकलेले केस काढा. दिवसाच्या शेवटी पात्यांची फुली करून स्क्रूवर कात्रीच्या तेलाचा एक थेंब सोडा, उघडमीट करा, जास्तीचं पुसून टाका. खाद्यतेल वापरू नका, ते चिकट होतं. निर्जंतुकीकरण करताना द्रावणाच्या बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, त्याहून जास्त नको. मग स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच कोरडी करा आणि पुन्हा तेल द्या. ब्लीच किंवा क्लोरीनचं द्रावण टाळा. क्लोराइड स्टेनलेसलाही खड्डे पाडतं, आणि असा खड्डा धारेवर पडला तर तेवढा धातू काढल्याशिवाय जात नाही. रंग किंवा पर्मच्या रसायनाचा हात लागला तर कात्री तिथल्या तिथे धुवा.

धार कधी लावायची याचं ठरीव वेळापत्रक नाही. टोकाशी केस दुमडायला लागले, स्लाइड करताना ओढ जाणवली, किंवा अंगठ्याला नेहमीपेक्षा जास्त जोर द्यावा लागला, की वेळ झाली. त्याआधी ताण आणि तेल मात्र तपासा, बऱ्याचदा "बोथट" कात्री नुसती सैल झालेली असते. गरज नसताना धार लावणंही टाळा, कारण प्रत्येक वेळी थोडं पातं कमी होतं.

कात्री हातातून पडली, तर सवयीनं उचलून उघडमीट करू नका. एका पात्यावर बारीक कपची उडाली किंवा टोक वळलं असेल, तर पहिल्याच मिटणीत ते दुसऱ्या पात्याची धार खरवडतं आणि एका जागेचं नुकसान दोन्ही पात्यांभर पसरतं. आहे त्या स्थितीत ती उजेडात पाहा. धारेच्या आतल्या बाजूवरून मऊ टिश्यू अलगद फिरवा, तो कुठे अडकतो ते लक्षात ठेवा. अडकलाच तर ती तशीच, न मिटता कापडात गुंडाळून ठेवा, दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या कात्रीनं पूर्ण करा, आणि धार लावणाऱ्याला देताना कात्री कुठे पडली आणि टिश्यू कुठे अडकला हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.